मार रूपा

'मार' ह्या एका शब्दावर माझ्या नवऱ्याचे पाच महिने टांगले व्हते. तुमच्या मराठीत मार म्हणजे हाण. आमच्या गोरमाटी बोलीत मार म्हणजे माझं. मार घर म्हणजे माझं घर, मार याडी म्हणजे माझी आई. आमच्या तांड्यावरलं बोबडं लेकरूबी हे सांगंल. जेलातल्या शिकल्यासवरल्या सायबांना तेवढं कळलं न्हाई, आन त्यापायी मला जज्जासमोर उभं राहावं लागलं. तिथं मी काय बोलले ते सांगते. मधी कुणी टोकायचं न्हाई, मला टोकलेलं खपत न्हाई.

मी भिकाबाई. गोरेगावच्या पल्याड आमचा तांडा हाय. नवऱ्याचं नाव रामसिंग. त्याचा थोरला भाऊ गोपीचंद विहीर खांदताना दरड अंगावर येऊन मेला, तवापासून त्याची बायको रूपा आमच्याच घरात. नात्यानं माझी थोरली जाव, पण वयानं माझ्याहून दोन वर्सांनी लहान. लेकरू न्हाई, बाळ न्हाई, कंबर आजून पोरीवानी. आमच्यात चाल हाय, थोरला गेला तर त्याच्या बायकोला धाकट्यानं घरात घ्यायची. तांड्याच्या नायकानं तसं काढलंबी व्हतं. मी त्याच्या दारात फतकल मारून बसले. म्हणलं, घ्या म्हणावं, पण आधी माझं मढं उचला. दोन दिवस पाण्याला शिवले न्हाई. मग त्यो विषय मिटला. म्हणजे लोकांच्या तोंडातून मिटला, माझ्या डोक्यातून न्हाई.

आन काहून मिटंल? मी दोन घागरी डोक्यावर, एक कमरंवर घिऊन आले तर हा बिडी वढत बसायचा. रूपी एक घागर घिऊन आली की उठून उतरून घ्यायचा. जेवताना माझ्या ताटात काय हाय ते त्यानं कधी बघितलं न्हाई. पण "वैनीला राहिलं का गं?" हे रोज. रोज! मी म्हणायचे, राहिलंय बाबा, तुमची वैनी उपाशी मरत न्हाई. तर माझ्याकडंच वाकडं बघायचा.

पुढं गोरेगावच्या बाजारात एका हमालानं रूपीचा हात धरला. चेष्टेत धरला का कसा धरला देव जाणं, मी तिथं नव्हते. रामसिंगनं गाडीच्या जूची शिवळ, ती लाकडाची खुंटी, उपसली आन त्याच्या डोक्यात घातली. माणूस मरता मरता वाचला. रामसिंगला तीन वर्सांची सक्तमजुरी झाली. आमच्या लग्नाला तवा बारा वर्सं झाल्ती. बारा वर्सांत माझ्यासाठी त्यानं कधी कुत्र्याला धोंडा मारला न्हाई. शेजारणी रडायला आल्या तर म्हणल्या, भिका, कसा दिलदार नवरा गं तुझा. मला वाटलं त्याच शिवळीनं त्यांचंबी डोकं फोडावं.

जेल जिल्ह्याच्या गावाला. महिन्यातून एक डाव मुलाखत. गोरेगावहून जीपनं हिंगोली, हिंगोलीहून पुढं एसटी. मी एकलीच जायचे. रूपीला लै यायचं असायचं. आदल्या दिवशी तिळाची चटणी कुटून द्यायची, धपाटे करून द्यायची, आन दारात उभं राहून म्हणायची, "मीबी येऊ का गं भिका?" मी म्हणायचे, जेलात एकाच बाईला सोडतात. तिला खरं वाटायचं. दोन वर्सं खरं वाटलं तिला. आन जाळीपल्याड हा इचारायचा, "वैनी काहून येत न्हाई?" मी म्हणायचे, तिला वेळ न्हाई. खोटं बोलले तर बोलले. माझा नवरा व्हता, मी बोलले.

एकदा जाळीतून म्हणाला, "मी अक्षरं शिकून राहिलो. एक मास्तर कैदी हाय, त्यो शिकवतो. आता सई करतो मी." मला असा आनंद झाला! तांड्यावर येऊन चार घरी सांगितलं, माझा मालक लिहायला शिकला म्हणून. वाटलं, आता कधीतरी कागद येईल. पोस्टमन दिसला की मी हातातलं काम टाकून बघायचे.

आणीबाणी उठून दोन वर्सं झाल्ती, त्या साली पोळ्याच्या आधी मी मुलाखतीला गेले तर फाटकावरला शिपाई म्हणला, "रामसिंग की मुलाखत बंद है." मी म्हणलं, काहून? म्हणला, "जमादार को मारने का कट किया." मी तिथंच मातीत बसले. एका म्हाताऱ्या कारकुनाला दया आली, त्यानं एका वकिलाचं नाव सांगितलं. म्हणला, जज्जसायबांनी तुझ्या नवऱ्याला वकील दिलाय, जा त्याच्याकडं.

वकिलाचं नाव संतराम खिल्लारे. हट्टा गावचे, बौद्ध समाजाचे. चष्मा लावलेलं कवळं पोरगंच की! दुसऱ्या मोठ्या वकिलाच्या कचेरीत एका कोपऱ्यात ह्यांचं टेबल. पण माणूस लाख. मी खाली बसाय लागले तर म्हणाले, "बाई, खुर्ची आहे ना. खुर्चीवर बसा." माझ्या जल्मात मला कुण्या कचेरीत खुर्ची दिली नव्हती. मी कडंला टेकून बसले.

त्यांनी मला समजून सांगितलं. नीट वागणाऱ्या कैद्याचे दर महिन्याला काही दिवस सजेतून कमी व्हतात, त्याला जेलात माफी म्हणतात. रामसिंगची पाच महिने माफी साठली व्हती. त्या हिशेबानं त्यो दिवाळीच्या आधी घरी यायचा व्हता. पण लवकरच सुटणार असलेल्या एका कैद्याच्या टोपीत रामसिंगनं लिहिलेली चिठ्ठी सापडली. जेलच्या मोठ्या सायबानं चौकशी केली, त्याला येगळ्या कोठडीत घातलं, मुलाखत बंद केली आन सगळी माफी कापली. म्हणजे दिवाळी हुकली, होळीबी हुकली.

"पण येवढी माफी कापायची तर जज्जसायबांची मंजुरी लागते आता," वकील म्हणले. "पहिलं जेलचा सायेब म्हणेल ती पूर्व दिशा व्हती. आता तसं न्हाई. जज्जसायेब म्हणले, मला चिठ्ठी बघायचीय आन कैद्याचं ऐकायचंय. म्हणून मला लावलंय. पण बाई, तुमचा नवरा तोंडच उघडत न्हाई. चौकशीतबी गप, माझ्यापुढंबी गप."

"चिठ्ठीत काय हाय?" मी म्हणलं.

त्यांनी नकलेचा कागद काढला. एकेक अक्षर जपून वाचलं. "मार रूपा. तू रो मत. म आवूंचू."

मी म्हणलं, "पुन्ना वाचा."

त्यांनी पुन्ना वाचलं.

"तिथं कैद्यांवर पहाऱ्याला रूपाजी नावाचा जमादार आहे," ते सांगत व्हते. "कैदी त्याला पाठीमागं रूपा म्हणतात. लै मारकुटा आहे म्हणे. जेलवाल्यांनी असा अर्थ लावला, की रूपाला मार, रडू नको, मी येतो मदतीला. पण मला वाटतं तुमच्या बोलीत मार म्हणजे माझं. बाजारात ऐकलंय मी. बराबर का?"

माझ्या कानात नुसता भुंगा घुमत व्हता. बोली माझी, नवरा माझा, आन वाचून कोण दावतंय तर हट्ट्याचा वकील. मार रूपा. माझी रूपा. तू रडू नको, मी येऊन राहिलो. मेल्या, अक्षरं शिकलास ते ह्याच्यासाठी का? दोन वर्सं तुझ्यासाठी मी एसटीच्या धुळीत लोळले, तुझ्या लेकरांचे नाक-डोळे मी पुसले, आन पयला कागद कुणाला? तिला! आन वरून 'माझी'!

"बाई?" वकील म्हणले. "बराबर का?"

तवा मला काय वाटलं ते लपवत न्हाई. वाटलं, सांगावं, न्हाई सायेब, आमच्यातबी मार म्हणजे मारच. राहू दे पाच महिने. सडू दे कोठडीत. येणार हाय म्हणं तिच्याकडं! बघू कसा येतो. जिभंवर आलं व्हतं. पण घरी दोन लेकरं रोज दिवाळी किती दिवसांवर आली ते मोजून राहिलेली, त्यांची तोंडं म्होरं आली. मी म्हणलं, "बराबर."

"मग ही रूपा कोण?"

वाचता येत न्हाई तरी मी त्या कागदाकडंच बघत व्हते.

"बाई, नुसता अर्थ सांगून भागणार न्हाई. जेलवाले म्हणतील, अर्थ काहीही असो, रूपा म्हणजे आमचा जमादारच. रूपा नावाची बाई आहे, हे जज्जसायबांना दिसलं पाहिजे. ती उभी राहिली की काम झालंच समजा."

"हाय," मी म्हणलं. "घरातलीच हाय."

त्यांनी खालमानेनं कागदावर लिहिलं, साक्षीदार रूपाबाई. तारीख दिली. दसऱ्याच्या आधीची.

घरी आले. रूपी अंगणात ज्वारी पाखडत व्हती. सुपासकट उठून धावत आली. "कसे हायत भाऊजी? काय म्हणले?" मी म्हणलं, मुलाखत बंद हाय. तर हिच्या डोळ्यातून लगेच धारा. मला रडू येईना, आन हिला कसं येतं? तिला चिठ्ठीचं सांगावं तर लागणार व्हतं. त्याबिगर ती कोर्टात काय बोलणार? आठ दिवस झाले, पंधरा झाले, रोज सकाळी ठरवायचे, आज सांगते. भाकरी थापताना ओठापर्यंत यायचं. पण सांगायचं म्हणजे काय? मी माझ्या तोंडानं तिला म्हणायचं, बाई गं, माझ्या नवऱ्यानं तुला 'माझी' म्हणलंय? म्हणजे त्यानं लिहिलेली चिठ्ठी मीच नेऊन तिच्या पदरात घालायची? मी काय पोस्टमन हाय? माझ्यानं न्हाई झालं. शेवटी म्हणलं, जज्जानं घरच्या बायकांना बोलवलंय, तूबी चल, गप बसून राहायचं. ती एवढ्यावरच खूश. नवं लुगडं नेसली. मी म्हणलं, लग्नाला चालली का? तर जाऊन जुनं नेसून आली, आन त्यातबी चांगलीच दिसत व्हती, काय करता.

तारखंला आमी दोघी कोर्टात. रूपीला व्हरांड्यात बाकड्यावर बसवलं, भाकरीचं फडकं तिच्यापाशी. वकील दुसऱ्या कुठल्या कोर्टात अडकलेले. पोलिसांनी रामसिंगला आणलं. पांढरे कपडे, डोकं भादरलेलं, गालफडं बसलेली. पायरी चढताना त्यानं मान वर केली, आन त्याची नजर कुणावर पडली? मी म्होरं उभी व्हते, हातभर अंतरावर. नजर माझ्या खांद्यावरून मागं गेली, बाकड्याकडं. दोन वर्सांत पयल्यांदा बघत व्हता तिला. पोलिसानं ढकललं तवा हालला.

त्याच टायमाला माझ्या मनानं घेतलं. काय करायचं ते तवासुदीक नीट ठरलं नव्हतं. पण तिला त्या पिंजऱ्यात उभी करायची न्हाई, हे ठरलं. जज्जासमोर, वकिलासमोर, धा लोकांत 'मी रामसिंगची रूपा' असं ती म्हणणार, आन मी बाकड्यावर बसून ऐकणार? ह्या जल्मात न्हाई.

आत पुकारा झाला. वकील धापा टाकत आले, मला हातानं आत बोलवलं. मी मागच्या बाकावर बसले. जेलकडून एक सायेब आला व्हता आन त्यो रूपाजी जमादार. रेड्यावानी माणूस, मिशा ह्या इथवर. जेलच्या सायबानं चिठ्ठी वाचली, हिंदी-मराठीत अर्थ लावून दावला. जज्जसायेब म्हातारे व्हते, कानाला हात लावून ऐकायचे.

त्यांनी जमादाराला इचारलं, "तुम्हाला कैदी रूपा म्हणतात?"

"पाठीमागं म्हणत असतील, सायेब."

"आणि रडू नको, हे कोणाला?"

जमादार मिशा चाचपत राहिला. मग वकील उठले. म्हणले, "साहेब, गोरमाटी बोलीत मार म्हणजे माझं. ही चिठ्ठी घरच्या बाईला आहे. ती बाई हजर आहे. तिला तपासायची परवानगी द्यावी."

पट्टेवाल्यानं दारात जाऊन आरोळी ठोकली, "रूपाबाई, हाजिर हो!"

आन मी उठले. पायांनीच नेलं मला. वकील आडवे आले, बारीक आवाजात म्हणले, "भिकाबाई, तुमी न्हाई. रूपाबाई पाहिजे." मी सगळ्या कोर्टाला ऐकू जाईल असं म्हणलं, "मीच रूपाबाई. रामसिंगची बायको. माहेरचं नाव रूपा, सासरी भिका ठेवलं."

आता लगीन झालं की पोरीचं नाव बदलायची चाल तुमच्यात. आमच्यात न्हाई. आमची पोर माहेरी भिका तर सासरीबी भिका, सरणावरबी भिकाच. पण जज्जसायबांना त्यात काय इपरीत वाटणार? त्यांच्या घरात सगळ्या बायकांची दोन-दोन नावं असतील. त्यांनी मान हालवली आन लिहून घेतलं. रामसिंगला धरून एक पोलीस उभा व्हता, त्यो औंढ्याकडच्या तांड्यावरला, आमच्यातला. त्यानं चमकून माझ्याकडं बघितलं. मग छताकडं बघाय लागला. वकिलांनी चष्मा काढला, पुसला, पुन्ना घातला.

मी शपथ घेतली. खरं बोलंन, खोटं बोलणार न्हाई म्हणले. जीभ जरासुदीक अडली न्हाई.

"तुमच्या बोलीत माझी आई कसं म्हणतात?" जज्जसायबांनी इचारलं.

"मार याडी."

"माझं घर?"

"मार घर. सायेब, आमी घराला आन आईला मारत न्हाई. जेलात काय चालतं ते ह्या जेलवाल्यांना ठाऊक." लोक हसले. जज्जसायबांनी त्या पोलिसाला इचारलं, तुम्ही त्या समाजाचे दिसता, हे खरं आहे का? त्यो म्हणला, "बोलीचं बराबर हाय सायेब." बोलीचं बराबर हाय, येवढंच म्हणला त्यो. बाकीचं त्यानं पोटात ठेवलं.

मग जज्जसायबांनी चिठ्ठी हातात धरली आन सावकाश वाचली. "म्हणजे असं. माझी रूपा, तू रडू नकोस. मी येतो आहे."

माझं ध्यान दाराकडं गेलं. पुकारा ऐकून रूपी उठून आल्ती. चौकटीला हात, तोंड 'ओ' द्यायला उघडलेलं तसंच राहिलेलं. मला पिंजऱ्यात बघून तिनं तोंड मिटलं. पण जज्जसायबांचा आवाज खणखणीत. तिनं सगळं ऐकलं. जी चिठ्ठी मी महिनाभर पोटात दाबून ठेवली, ती जज्जानं भर कोर्टात तिला वाचून दावली. रडू नको असं लिहिलंय, आन ही उभ्या उभ्या रडून राहिली.

"रामसिंग," जज्जसायेब म्हणले, "चौकशीत तुम्ही हे का सांगितलं नाही?"

"बायामाणसाचं नाव जेलात काहून घ्यावं, सायेब?" त्यो म्हणला. महिनाभरात त्याचं हे पयलं वाक्य.

"ठीक. आता मात्र सांगावं लागेल. चिठ्ठी जिला लिहिली ती रूपा हीच का?"

त्यानं माझ्याकडं बघितलं न्हाई. दाराकडं बघितलं. पिंजऱ्याचं लाकूड मी दोन्ही हातांनी धरलं. त्यानं नुसतं बोट केलं असतं, सायेब, ती बघा दारात, तर मी मेलेच. खोटी साक्ष म्हणून मलाच आत घातलं असतं. पण मला जेलचं भ्या नव्हतं, देवाशपथ नव्हतं. भ्या येवढंच व्हतं की त्यो 'न्हाई' म्हणंल. माझ्याकडं बघून, सगळ्यांदेखत म्हणंल, न्हाई, ही न्हाई.

रूपीनं मान हालवली. इतकीशीच, नको म्हणून. एका रांडव बाईचं नाव कोर्टात निघालं तर तांडा तिला जगू देणार न्हाई, हे तिला कळत व्हतं आन त्यालाबी. मला मात्र त्या टायमाला हेबी सुचलं नव्हतं.

"व्हय सायेब," रामसिंग म्हणला. "हीच."

"नाव घेऊन सांगा. लिहायचं आहे."

तवा त्यानं माझ्याकडं तोंड केलं. बारा आन दोन चौदा वर्सांत त्या माणसानं मला कधी 'माझी' म्हणलं नव्हतं, एकल्यातबी न्हाई. भर कोर्टात म्हणला, "मार रूपा."

माझ्या डोळ्यात पाणी आलं. जज्जसायबांना वाटलं बाईला नवऱ्याची माया आली. मला माया न्हाई आली, मला राग आला. तिनं मान हालवली म्हणून त्यो म्हणला. मला 'माझी' म्हणला तेबी तिचं ऐकून, तिची अब्रू झाकायला. आन तरी, लाज सोडून सांगते, त्यो शब्द मला पुन्ना ऐकू वाटला.

जज्जसायबांनी तिथंच हुकूम लिहिला. चिठ्ठी चोरून धाडली येवढाच गुन्हा, त्याला मुलाखत बंद केली ती झाली तेवढी पुरे. माफी कापायला मंजुरी न्हाई. कोठडीतून आजच काढा. जेलच्या सायबाला म्हणले, "बोली कळत नसेल तर कळणाऱ्याला विचारावं. पाच महिने म्हणजे थोडे नव्हेत." वकील लेकरावानी हसत व्हते. बाहेर येऊन मला हात जोडले, म्हणले, "रूपाबाई, जिंकलो." मी म्हणलं, व्हय.

रूपी बाकड्यावर फडकं सोडून बसली व्हती. भाकरी, चटणी, कांदा काढून माझ्याम्होरं सरकवलं. "भिका, जेव," म्हणली. मला वाटत व्हतं तिनं माझ्या झिंज्या धराव्या, बोंबलावं, मग मीबी बोंबलले असते, दोन वर्साचं सगळं काढलं असतं. ती भांडलीच न्हाई. परतीच्या जीपमधी गर्दीत माझ्या मांडीला मांडी लावून बसली व्हती. सेनगावचा रस्ता लागला तवा येवढंच इचारलं, "चिठ्ठी कुणाकडं राहिली?"

"कोर्टात."

"बरं," म्हणली.

दिवाळीला आठ दिवस व्हते तवा रामसिंग आला. तांडा गोळा झाला. कोर्टातली गोष्ट त्या औंढ्याच्या पोलिसाच्या पावण्यांनी आधीच पोचवलेली, पण हसत हसत, की माहेरचं नाव म्हणून भिकानं कसा जज्ज गुंडाळला. नायकबी म्हणला, वाघीण हाय बाई. सगळे धरून चालले, की चिठ्ठी मलाच व्हती, आन रूपा हे नवऱ्यानं मला लाडानं ठेवलेलं नाव. घरात दुसरी रूपा हाय हे कुणाच्या डोक्यात आलं असंल, तर त्यानं वाघिणीम्होरं तोंड उघडलं न्हाई. मी पदर सावरून बसले व्हते, अशी फुगले व्हते.

गर्दी पांगली. रामसिंग खाटंवर टेकला आन त्यानं हाक मारली, वैनी न्हाई, नाव घिऊन, "रूपा, पाणी दे."

चुलीपाशी रूपी उठाय लागली. मी तिला हातानं खाली बसवलं आन तांब्या घिऊन म्होरं झाले. म्हणलं, "ओ. जज्जासमोर म्हणलाव ना तुमी? आता रूपा म्हणजे मी." मला वाटलं, ह्यानं त्याची बोबडी वळंल. पुन्ना ते नाव ह्या घरात निघणार न्हाई.

त्यानं तांब्या घेतला. गटागटा प्याला. मग माझ्याकडं बघून म्हणला, "व्हय. तूच." आन हसला.

आता चार महिने झाले. दिवसातून धा डाव हाक येती. सकाळी उठल्या उठल्या, रूपा. शेतातून आला की बांधावरून, रूपा. चारचौघात, नायकासमोर, लेकरांसमोर, मोठ्यानं, खुशाल. आवाज असा मऊ करतो की शेजारणी पदर तोंडात धरून हसतात, म्हणतात, जेलातून आल्यापासून भिकावर कसा जीव टाकून राहिला बघा. पयलं 'ए भिके' म्हणून वरडायचा, तांडाभर ऐकू जायचं. ते बंदच झालं. आन हाक आली की चुलीपाशी रूपीचा हात पिठात थांबतो, मान खाली, गालाला बारीक खळी पडती. ते मला दिसतं, त्यालाबी दिसतं. मी कुणाला काय सांगू? हाक मारू नका म्हणू? माझं नाव भिका हाय म्हणू? जज्जाच्या कागदावर माझ्याच अंगठ्यानं लिहून दिलंय.

म्हणून ओ मीच देते. भिका म्हणून मला आता घरात येकटी रूपीच हाक मारती.